ठिपक्यांची अकरा वर्षं

अंध मुलांच्या शाळेत तिला सगळे ठिपकेवाल्या बाई म्हणत. ती शाळेत शिकवत नव्हती. घरीच, आतल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसायची आणि मुलांची पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये उतरवून द्यायची. पूर्वी ती एका कचेरीत टायपिस्ट होती. कचेरी बंद पडली, तेव्हा शाळेच्या फाटकावरची जाहिरात वाचून ती आत गेली आणि सहा ठिपक्यांची ती लिपी महिनाभरात शिकली. पण फक्त डोळ्यांनी. बोटांनी वाचायचे ते गणिताचे सर. ते जन्मापासून अंध. तिचं प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून जायचं आणि एखादा ठिपका राहिला की फोन हमखास यायचा. "बाई, पान बेचाळीस. कंस उघडलाय, मिटलेला नाही. मुलं आत अडकलीत."

अशी अकरा वर्षं गेली. पुस्तकं, नकाशे, भूमितीच्या आकृत्या, सगळं तिच्या एका संगणकात साठलं होतं.

मग शाळेत नवा ब्रेल प्रिंटर आला. त्याला फक्त नव्या प्रोग्रॅमच्या फायली कळायच्या आणि तो प्रोग्रॅम नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालायचा. बाईंच्या आकृत्या होत्या जुन्या प्रोग्रॅममधल्या, आणि तो जुनी सिस्टीम सोडून कुठे उघडतच नव्हता. दहावीची भूमिती मुलांच्या हातात पडायला दहा दिवस उरले होते.

"दोन्ही सिस्टीम एकाच संगणकात ठेवा," सर फोनवर म्हणाले. "चालू केला की तोच विचारेल, आज कोण हवं. आकृती जुनीत उघडायची, साधं चित्र करून नवीत न्यायची आणि तिथून छापायची."

"म्हणजे एका घरात दोन सवती."

"दोन जावा म्हणा. घर एक, चुली वेगळ्या."

सर हसले, पण बाईंना हसू आलं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो जेवता जेवता एवढंच म्हणाला, "लिफ्टला हात लावायच्या आधी ती खाली कोसळणार नाही याची सोय करतात. तूही कर." म्हणून शनिवारी तिने सगळ्या फायलींची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर घेतली. सरांनी बजावलं होतं तसं, नक्कल उघडूनही पाहिली. पहिली तीन पुस्तकं नीट उघडली. तिला हायसं वाटलं.

रविवारी सकाळी घरातलं सगळं आवरून ती बसली. सरांनी सांगितलेल्या पायऱ्या सहा पानांवर लिहून घेतल्या होत्या. आधी आतल्या डिस्कचे दोन भाग पाडायचे, एक जुनीला, एक नवीला. ते झालं. मग पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिली, 'संपूर्ण डिस्क पुसून नवी सिस्टीम बसवा.' दुसरी, 'जुन्या सिस्टीमशेजारी बसवा.' खूण आपोआप पहिल्या ओळीवर होती. तिने त्या ओळी चार वेळा वाचल्या, पडद्यावर बोट ठेवून वाचल्या. खूण दुसऱ्या ओळीवर नेली, पुन्हा वाचलं आणि बटण दाबलं.

निळी पट्टी सरकू लागली. एकतीस टक्क्यांवर थांबली. नेमकी तेव्हाच वरच्या मजल्यावरची नणंद आली.

"वहिनी, एक फॉर्म छापून देतेस का? दोन मिनिटांचं काम आहे."

"आज नाही, ताई."

"चालू तर आहे की."

"चालू नाहीये. ऑपरेशन चाललंय त्याचं."

नणंद पलंगाच्या कडेवर टेकली आणि आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत बसली. बाई हं हं करत राहिल्या. त्यातला एक शब्दही त्यांच्या कानात शिरला नाही. अर्ध्या तासाने पट्टी टोकाला पोचली, नणंदही उठली. संगणक बंद होऊन पुन्हा चालू झाला.

त्याने काहीच विचारलं नाही. सरळ नवी सिस्टीम उघडली. बाईंनी पुन्हा बंद केला, चालू केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. जुनी सिस्टीम कुठेच नव्हती.

तिने स्वतःला समजावलं, नक्कल आहे. बाहेरची डिस्क लावली. पहिलं वर्ष होतं, दुसरं होतं, सातव्या वर्षापर्यंत सगळं होतं. पुढे काहीच नव्हतं. तेव्हा तिला आठवलं, शनिवारी नक्कल होताना मध्येच एक चौकट उगवली होती आणि तिने ती न वाचता बंद केली होती. नक्कल तिथेच थांबली असणार. भूमिती नवव्या वर्षातली होती.

तिने सरांना फोन लावला. "सगळं गेलं, सर," ती रडत म्हणाली.

"बाई, रडू नंतर. पडद्यावर काय आहे ते वाचा."

"काही नाहीये, सर."

"काही नाही असं नसतं. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करा. शब्द गाळू नका."

ती वाचू लागली. आयुष्यभर डोळ्यांनी बघणारी ती आणि कधीच काही न पाहिलेले सर, पण त्या घटकेला पडदा तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त दिसत होता. ते सांगत गेले, इथे दाबा, आता काय आलं, पुढे वाचा. फायलींच्या यादीत डावीकडे डिस्कचा आणखी एक भाग निघाला. तो उघडला, तर आत ओळखीची नावं. इतिहास आठवी. नकाशे. भूमिती दहावी.

"आहे," ती म्हणाली. "सर, आहे."

"मग घर शाबूत आहे. नुसती दारावरची पाटी पडलीय. आता कशालाही हात लावू नका, मी सांगतो तेवढंच टाइप करा."

नवी सिस्टीम चालू होताना जुनीला शोधतच नव्हती. शोधायचं नाही, अशी एक ओळ तिच्या आतल्या एका फायलीत होती, ती बदलायची होती. सर एकेक अक्षर सांगायचे, ती ते परत म्हणून दाबायची. मध्येच पासवर्ड मागितला.

"मी दाबतेय, पण काहीच उमटत नाहीये."

"उमटणार नाही. तिथे तसंच असतं. मी रोज असाच टाइप करतो, मला कुठे काय दिसतं."

पहिल्यांदा एक अक्षर चुकलं, पडद्याने नकार दिला. दुसऱ्यांदा भराभर ओळी आल्या आणि शेवटच्या ओळीत जुन्या सिस्टीमचं नाव आलं. पुन्हा चालू केल्यावर संगणकाने पहिल्यांदाच विचारलं, कोण हवं? तिने खूण खाली जुनीवर नेली आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला. डिस्क तपासत आहे, असं आलं आणि टक्के मोजले जाऊ लागले. बारा टक्के. बराच वेळ बाराच.

नवरा स्टूल घेऊन शेजारी बसला होता. "लिफ्ट दोन मजल्यांमध्ये थांबली की आतली माणसं सगळी बटणं दाबत सुटतात," तो म्हणाला. "मग आमचं काम दुप्पट होतं. तू हात मांडीवर ठेव."

तिने हात मांडीवर ठेवले. फोन चालूच होता, पलीकडून सरांचा नुसता श्वास ऐकू येत होता. तेरा टक्के. मग एकदम चाळीस. तासाभराने जुना पडदा उजळला. तिने भूमिती उघडली, शेवटच्या पानापर्यंत गेली, मग परत पहिल्या पानावर आली. "आहे सगळं," ती फोनवर म्हणाली आणि नाक ओढलं.

"आता नक्कल," सर म्हणाले. "चौकट आली तर वाचायची."

गुरुवारी नव्या सिस्टीममधून भूमितीचं पहिलं प्रकरण छापायला गेलं. बाई शाळेत प्रिंटरपाशी उभ्या होत्या. जाड कागद खडखडत बाहेर येत होता आणि सर पान हातात घेऊन वर्तुळावरून बोट फिरवत होते.

"बाई, एक सांगू? पूर्वी मीही असंच करायला गेलो, तेव्हा माझं सगळं गेलं होतं. चार वर्षांचं काम. ती पहिली ओळ दाबली होती मी."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही संगणकापुढे बसला असतात का?" त्यांनी पान उलटलं. "त्या दिवशी तुम्ही वाचत होतात आणि माझा शर्ट घामाने भिजला होता."

पुढचं पान बाहेर आलं, ते बाईंनी सरांच्या हातात दिलं आणि त्यांचं बोट कुठे अडतंय का, हे बघत उभ्या राहिल्या.