कापसाची खाज

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावात कापूस घराघरांत पडून राहायचा. आज ना उद्या भाव चढेल म्हणून लोक थांबत. आमची समोरची खोली पार आढ्यापर्यंत भरलेली असे. मी सांगतोय ते वर्ष नेमकं कोणतं, ते आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. होळी तोंडावर आली तरी आमचा कापूस घरातच होता, एवढं पक्कं. आता अकोल्याच्या फ्लॅटमध्ये कापूस दिसतो तो औषधांच्या डब्यात. त्या ढिगाची ऊब आणि सरकीचा तेलकट वास मात्र अजून आठवतो, आणि आठवला की बरं वाटतं.

घरात कापूस असला की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. आम्ही सगळेच खाजवत असू. बाबा राखणीसाठी त्याच खोलीत बाज टाकून झोपत आणि त्यांचा तांबडा कुत्रा ढिगाच्या पायथ्याशी. दिवसभर तो शेतात त्यांच्या मागे असे. बाबा आमच्याशी कमी आणि त्याच्याशी जास्त बोलत. त्यामुळे कुत्राही खाजवू लागला तेव्हा कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

"त्याची कातडी का वेगळी हाय? कापूस गेला का खाज जाते," बाबा म्हणाले.

पण हळूहळू शेपटीच्या बुडाचे केस गेले. पोटावर पुवाचे फोड आले, ते फुटून खपल्या धरल्या आणि अंगाला वास मारू लागला. शेजारचे काका ओट्यावरूनच बघून म्हणाले, "लूत हाय हे. घरात लेकरंबाळं हायेत. नाल्यापल्याड सोडून द्या त्याले."

लूत म्हटल्यावर आईचा धीर सुटला. "त्याले बाहेर काढा, नाही तर मी त्या खोलीत पाय ठेवत नाही."

काकांकडे आणखी एक उपाय होता. "फवारणीचं औषध उरलं असन, तर तेच चोपडून पाहा."

"चाटन अन् मरन," बाबा म्हणाले. "अळी हाय का तो कपाशीवरची?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंडी जुंपली. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यापर्यंत मी कुत्र्याला धरून बसलो. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवली, तशी मिऱ्याच्या भुकटीसारखी काळी कणी खाली पडली. बाबांच्या सदऱ्याला कापसाचा पुंजका चिकटलेला होता. तोच ओढून डॉक्टरांनी पाण्यात बुडवला आणि त्या कणीवर दाबला. पुंजका तांबूस झाला.

"हे याचंच रक्त. पिसवांनी पिऊन विष्ठेतून टाकलेलं," डॉक्टर म्हणाले. "लूत नाही ही. पिसवा चावल्या, यानं खाजवून कातडी फोडली आणि त्यात जंतू शिरले."

त्यांनी गोळ्या दिल्या, अंग धुवायला औषध दिलं. फोड बसले तरी गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत, असं बजावलं. मग विचारलं, "झोपतो कुठं हा?"

"कापसात," बाबा हळू म्हणाले.

"मग पिसवांची अंडीही तिथंच. ती जागा रिकामी करा, नाही तर पुन्हा हेच."

एक तर कापूस जाणार होता, नाही तर कुत्रा. गावात शेवटपर्यंत थांबणाऱ्यांत बाबा होते. व्यापाऱ्याचा माणूस येऊन परत गेला होता.

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं. कापूस विका म्हणून ती संक्रांतीपासून मागे लागली होती. "मग कापूसच काढा," ती म्हणाली. "भावासाठी थांबा असं काही त्या कुत्र्यानं नव्हतं सांगतलं तुमाले."

बाबा म्हणाले, "धामणगावच्या व्यापाऱ्याले निरोप धाडतो."

कापूस गेला. आईने खोली झाडली, कुत्र्याच्या अंगाखालचं पोतं जाळलं आणि जमीन सारवून काढली. कुत्र्याचं अंग धुणं, गोळ्या गुळात घालून देणं, हे बाबा करत. खपल्या गळाल्या, केस आले. आमचीही खाज गेली. ती कापसाची होती की पिसवांची, हे मला आजही सांगता येणार नाही.

खोली जेमतेम वाळली आणि बाबांनी तिथं परत बाज टाकली.

"आता का राखता इथं?" आईने विचारलं.

"त्याले एकट्याले करमत नाही," बाबा म्हणाले.