कुत्रं चावलेल्यांचा बाक

कुत्रं चावलेल्या माणसाला "काय झालं?" असं नुसतं विचारून बघा. तो जखम नंतर दाखवतो, आधी गोष्ट सांगायला लागतो. कुत्रं कुठून आलं, कुणाच्या मागं लागलं होतं, आपण कुठं निघालो होतो... सगळं! मी नेवाशाच्या बाजूला एका ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन रूमची सिस्टर आहे. माझ्या दारासमोर एक लाकडी बाक आहे. त्यावर बसून लोकांनी सांगितलेल्या गोष्टी वर्षानुवर्षं साठत गेल्यात. हसायच्या थोड्या आहेत. घरी गेल्यावर घास उतरू न देणाऱ्या जास्त.

*

एक आजी आली, पोटरीला फडकं बांधून. फडकं सोडलं तर आत लालभडक गोळा! मी म्हटलं, "आजी, हे काय?"

"चटनी. कुत्र्याचं ईख तिखटानं मरतं."

"जखम साबणानं धुतली का?"

"आता बाई! धुतली तर चटनी न्हाई का निघून जानार?"

आमचे शिपाई रफिकभाई. त्यांनी आजीचा पाय नळाखाली धरला आणि चांगली पंधरा मिनिटं साबण लावून धुतला. आजी बोंबलत होती. रफिकभाई म्हणाले, "आजी, कुत्रं चावलं तेव्हा एवढ्या ओरडला होता का?"

"तवा कुठं येवढं झोंबलं हुतं!"

*

मध्यंतरी एका गावानं नियम केला. पाळीव कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचायची, गळ्यात पट्टा बांधायचा आणि कुत्रं कुणाला चावलं तर जबाबदारी मालकाची. लसीच्या दिवशी जनावरांचे डॉक्टर गावात गेले, तर गावात एकाही कुत्र्याला मालक नाही! एक म्हातारेबुवा ओट्यावर बसून पायाशी बसलेल्या कुत्र्याला हातानं भाकरी भरवत होते. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, हे तुमचं ना?"

"न्हाई बा. असंच येतं."

डॉक्टर लसीचा डबा घेऊन परत आले. हे मला त्यांनीच आमच्याकडं चहा पिताना सांगितलं, तेव्हा आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

पावसाळ्यात तेच म्हातारेबुवा माझ्या बाकावर. सोबत त्यांची सून, मनगट फाटलेलं. रक्त थांबत नव्हतं. मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, विचारलं, "कुत्रं कुणाचं होतं?"

सून सासऱ्याकडं बघत राहिली. म्हातारेबुवांनी मान खाली घातली.

"असंच येतं," ते म्हणाले.

*

भटक्या कुत्र्यांचं वेगळंच. एका ग्रामसभेत तालुक्याहून आलेल्या साहेबांनी समजावून सांगितलं, की कुत्री पकडायची, नसबंदी करायची, लस द्यायची आणि जिथून उचलली तिथंच आणून सोडायची. सभेत एकच कालवा! "तितंच आनून सोडायची, तर न्यायची कशाला?"

मग गावानं आपलं आपणच ठरवलं. संध्याकाळी एका टेम्पोत कुत्री भरली, वर ताडपत्री टाकली आणि पलीकडच्या गावाला सोडायला निघाले. कालव्याच्या अरुंद पुलावर समोरून दुसरा टेम्पो आला. त्यावरही ताडपत्री! दोन्ही टेम्पोवाले एकमेकांचे व्याही निघाले.

"काय भरलंय, पाव्हनं?"

"शेळ्या. तुमी?"

"आमी बी शेळ्याच!"

तेवढ्यात एका टेम्पोतली शेळी भुंकली. दुसऱ्यातल्या शेळ्यांनी तिला साथ दिली. दोघं व्याही हसून हसून बेजार! मग कोण कुणाच्या गावात जाणार? तिथंच पुलाजवळ दोघांनी मागचे फाळके उघडले, कुत्री सोडली आणि घरी गेले.

पुलापलीकडं शाळा आहे. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तीन पोरांना घेऊन एसटी गाठली आणि थेट आमच्याकडं. त्यात एक दुसरीतली पोरगी होती, गालाला चावलेलं. तिच्या मागोमाग दोन आजोबा धावत आले, एक आईकडचे आणि एक वडिलांकडचे. तेच दोघं व्याही.

चेहऱ्यावरची जखम म्हणजे मॅडमचाही चेहरा उतरतो. मेंदू जवळ. जखमेतच सुया द्याव्या लागतात. पोरगी किंचाळत होती आणि दोघं आजोबा भिंतीकडं तोंड करून उभे होते. मॅडम म्हणाल्या, "कुत्र्यांचा एवढा कळप शाळेपाशी आला कुठून?"

मग पोरीची आजी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सांगा की मॅडमला! म्हना, शेळी चावली!"

पोरगी वाचली. गालावर वण राहिला.

*

एका सकाळी दार उघडते तर बाहेर ही गर्दी! बायका, माणसं, म्हातारी, आणि मधोमध हळदीच्या अंगानं नवरदेव. आदल्या दिवशी मांडवात बासुंदी झाली होती आणि जिचं दूध होतं ती म्हैस रात्रीत पिसाळून मेली होती.

"आदी नवरदेवाला टोचा," मामा म्हणाला, "त्यानं चार वाट्या खाल्ल्यात!"

मॅडमनी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं, की उकळलेल्या दुधानं काही होत नाही. कोण ऐकतंय! शेवटी त्यांनी विचारलं, "मरायच्या आधी म्हैस काय करत होती?"

"लाळ गाळत हुती. आमाला वाटलं घशात काय अडाकलंय. मंग हात घालून बगितलं."

"हात कुणी घातला?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. ज्यानं हात घातला तो नवरदेवाचा चुलता गर्दीत नव्हताच! रफिकभाई गाडीवर बसून वस्तीवर गेले, तर तो निवांत गोठा झाडत होता. कोपरापर्यंत खरचटलेलं. रफिकभाई ओरडले, "अहो, सगळं गाव दवाखान्यात आणि तुम्ही इथं?"

"मी कशाला येऊ?" तो म्हणाला. "मी बासुंदी खातच न्हाई!"

*

मंगल ऊसतोडीला जाणारी. कुत्रं चावलं आणि दुसऱ्याच दिवशी टोळीचा ट्रक निघणार होता. मी पहिला डोस दिला आणि तिच्या मुकादमाला फोन लावला. म्हटलं, "पुढचे डोस जिथं असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात द्यायलाच पाहिजेत."

"सिस्टर," तो वैतागून म्हणाला, "कुत्रं एकदाच चावलंय, तुमी किती येळा टोचनार?"

नंतर एकदा मंगलच बोलली. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "झालं सिस्टर समदं."

"सगळे डोस घेतले?"

"न्हाई, जखम भरली."

फोन कटला, पुन्हा लागला नाही. हंगाम संपेपर्यंत मी मंगलच्या वस्तीवरच्या दिसेल त्या माणसाला तिच्याबद्दल विचारायची. उन्हाळ्यात ती स्वतःच आली, ठणठणीत. माझ्यासाठी गूळ घेऊन! ते कुत्रं पिसाळलेलं नसणार, हे तिचं नशीब. मला एवढं बरं वाटलं की रागवायचंही सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याच वस्तीवरचे दोघं पहिल्या डोसानंतर आलेच नाहीत. मी निरोप पाठवला. उलटा निरोप आला, "मंगलनं सांगितलंय, एकच सुई पुरती."

*

आणि दत्तू. शिर्डीला फुलं पाठवायचा. स्वतःच्या पायांनी चालत आला, बायको शांता बरोबर. म्हणाला, "घसा धरलाय. पानी गिळवत न्हाई."

मी पेला पुढं केला. त्यानं तोंड फिरवलं, मानेच्या शिरा ताणल्या, सगळं अंग आवळलं. मॅडमनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पंखा बंद केला; रेबीज झालेल्याला पाण्यासारखा वाराही सोसत नाही.

"कुत्रं चावलं होतं का?"

"चावलं न्हाई. आमचं घरचंच कुत्रं. दोन म्हैन्यांमागं कुंपनाच्या तारंत अडाकलं हुतं, सोडवाया गेलो. दात लागला बोटाला. त्याला वो काय लस! लेकरावानी वाढवलेलं. दोन दिसांनी मेलं बिचारं."

मॅडम नगरच्या रुग्णवाहिकेसाठी फोन करायला बाहेर गेल्या. दत्तू खाटेवर पडून दाराकडं बघत होता. मग मला म्हणाला, "सिस्टर, आता मला सुईचा उपेग न्हाई ना?"

मी पाण्याचा पेला उचलून त्याच्या नजरेआड ठेवला.

"मंग हिला द्या. माझ्याच ताटात जेवती ही."

शांता भिंतीला चिकटली. "मला नगं. मला भ्या वाटतं."

"लई भेती सुईला," तो म्हणाला. "दोनी बाळंतपनात मीच हात धरला हिचा."

मी तिला समोरच्या स्टुलावर बसवलं. सुई भरली. दत्तूनं हात पुढं केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागं घेतला आणि आपल्याच उशीखाली दाबून धरला.

"शांते," तो म्हणाला, "हिकडं बग. आता डोळे मीट. मी हाय ना हितं."