जिभेपुरतं

"गोड गिळायचं नसतं, ते जिभेपुरतं असतं," असं ती एकदा मनाशीच पुटपुटली होती, आणि तेही स्वतःच्या लग्नात. नवऱ्यानं हौसेनं भरवलेला घास तिनं दोन्ही गालांतून फिरवला, डोळे मिटले, आणि अलगद रुमालात काढून ठेवला. पाहुण्यांना वाटलं, नवरी लाजली. नवऱ्यालाही तसंच वाटलं, आणि पुढची काही वर्षं त्यानं याच समजुतीवर संसार केला.

ती बिस्किटांच्या कारखान्यात चाखायच्या कामावर होती. कामगार तिला जीभबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावरच म्हणत, कारण तिला ते आवडायचं. चाखायची खोली म्हणजे पांढऱ्या फरशांचं एक कपाटच होतं. बिस्किटाचा रंग बघून मत बनू नये म्हणून आत तांबडा दिवा. समोर तीन बशा, दोन सारख्या नि एक वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं. चावायचं, टाळूवर पसरायचं, नाकातून श्वास सोडायचा आणि शेजारच्या बेसिनमध्ये थुंकायचं. त्या तांबड्या उजेडात तिचा चेहरा नुकताच फोटोतून बाहेर आल्यासारखा दिसे. सुट्ट्यांचा हंगाम आला की भट्ट्या रात्रंदिवस चालत, डब्यांवर सोनेरी फिती चढत, आणि सगळं शहर गोडावर तुटून पडे. शहरानं गिळलेल्या प्रत्येक घाण्याचा पहिला घास हिनं थुंकलेला असे. याचा तिला अभिमान होता. आपण सोडून बाकी सगळे गिळतात, यापरता मोठेपणा तिला ठाऊक नव्हता.

घरी साखर नव्हती. डब्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घरात काही शिरत नसे. हंगामात पाहुणे मिठाईची खोकी घेऊन येत. ती खोकं दोन्ही हातांनी घेई, तोंडभरून हसे, आणि पाहुणे जिना उतरेपर्यंत ते खोकं मागच्या दारानं वॉचमनच्या खुर्चीवर पोचलेलं असे. पुढे वॉचमनला मधुमेह झाला. तेव्हा तिनं त्याला आहाराचा छापील तक्ता नेऊन दिला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुणी हातावर चॉकलेट ठेवलं तर तो दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवून ते खायचा आणि तोंड पुसून खाली यायचा. लिफ्ट अडकली म्हणून बोंब मारणाऱ्यांना त्यानं कधी खरं कारण सांगितलं नाही. मुलीला वरचेवर खोकला व्हायचा, कारण खोकल्याचं औषध गोड होतं. हे आईच्या लक्षात आल्यावर औषध बदललं, आणि खोकला एका दिवसात गेला.

शाळेत कुणाचा वाढदिवस असला की मुलगी रडत घरी यायची. सगळ्यांच्या हातात केक आणि हिच्या डब्यात गाजराचे काप. शेवटी आईला कणव आली, आणि त्या कणवेतून तिनं मुलीला स्वतःची विद्या दिली. केक घे, चाव, टाळूवर पसरव, काय काय आहे ते ओळख आणि कागदी पेल्यात थुंक. मुलीला तो खेळ वाटला. महिन्याभरात ती तरबेज झाली. "आई, यात लोणी नाही, तेल आहे," असं ती अशा थाटात सांगायची की आई तिचा मुका घ्यायची. इतर वेळी मुका मिळायचा तो झोपताना, तोही घाईत.

मुलीच्या मोठ्या काकूचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथं चुलत बहिणी होत्या, गच्ची होती, आणि यंदा कुत्रीला पिल्लंही झाली होती. मुलीला सुट्टीत तिथं राहायला जायचं होतं. गेल्या सुट्टीत ती तिथून आली ती पोट फुगवून आणि गालांवर तजेला घेऊन. आईला दोन्ही लक्षणं सारखीच वाईट वाटली. म्हणून यंदा तिनं अट घातली. काकूकडच्या जेवणाला आपण सगळे जाऊ. तिथल्या गोडातलं काहीही पोटात न घालता उठलीस, तर राहा. नाहीतर माझ्याबरोबर परत. मुलीनं त्याच दिवशी कपड्यांची पिशवी भरली. ती पिशवी आईनं जेवायला बसताना आपल्या खुर्चीला अडकवली, जामीन म्हणून.

थोरली जाऊ दोन दिवस ओट्यापाशी उभी होती. तिची माया हाताला चिकटणारी होती. ती माणसाला विचारून वाढत नसे, चेहरा बघून वाढत असे, आणि तिला सगळे चेहरे उपाशीच दिसत. टेबलावर मधात मुरवलेले बदाम, सफरचंदाचा केक, खजुराच्या वळकट्या, शेंड्यावर साखर भुरभुरलेली बिस्किटं. दीर म्हणाले, "आज जीभबाईची सुट्टी आहे, सगळं पास समजा." सगळे हसले. तीही हसली. पण बदामाला कढ कमी मिळालाय हे तिनं वासावरूनच ओळखलं होतं.

मुलीनं काहीच नाकारलं नाही. एक एक जिन्नस ताटात घेतला, शहाण्यासारखा चावला, डोळे मिटले आणि मांडीवरच्या कागदी पेल्यात थुंकला. ओठ पुसले. मग पुढचा. केकच्या घासाला ती थोडी थांबली आणि मदत करावी तशा आवाजात म्हणाली, "काकू, दालचिनी उशिरा घातलीस."

धाकट्या चुलत बहिणीला ही नवी गंमत वाटली. तिनंही तोंडातला घास ताटात थुंकला आणि बापाचा धपाटा खाल्ला. नवरा पाण्याच्या पेल्यात बघत राहिला. जीभबाई ताठ बसली होती. तिच्या चेहऱ्यावर, लपवता न आलेलं, बक्षीस समारंभातल्या आईचं हसू होतं.

जावेनं हातातला डाव खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, पोर राहू दे, हवे तितके दिवस राहू दे, पिल्लांत खेळू दे. पण या घरात तोंडातलं अन्न थुंकायचं नाही. इथं राहायचं तर गिळायचं.

मुलीनं आधी काकूकडे पाहिलं, मग खुर्चीला अडकवलेल्या पिशवीकडे. थुंकलं नाही तर आई नेणार, थुंकलं तर काकू ठेवणार नाही. तिनं विचारलं, "आई, मग मी काय करू?"

एवढा साधा प्रश्न आईला तांबड्या दिव्याखाली कुणी कधी विचारला नव्हता.

"तिला कशाला कोड्यात टाकतेस?" जाऊ म्हणाली. "तूच गिळून दाखव. तुझं बघूनच शिकलीय ना?" आणि तिनं केकचा तुकडा मोडून, टेबलावरून वाकून, लहान मुलाला भरवावा तसा, धाकट्या जावेच्या ओठांपाशी धरला.

थोरल्या जावेचा हात मागे ढकलणं शोभलं नसतं. तिनं तोंड उघडलं. दात आपोआप कामाला लागले, जीभ आपोआप टाळूला लागली. दालचिनी उशिराच घातली होती. पण त्याखाली सफरचंद होतं, आणि त्याच्याही खाली असं काहीतरी होतं ज्याला कारखान्याच्या कागदावर रकाना नव्हता. पुढे घसा होता. घशाला गोडाची सवय राहिली नव्हती. तो दार लावून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा आत कुठेतरी बसून राहिला आणि काही केल्या उघडेना. सगळे तिच्या गळ्याकडे बघत होते. गळा हलत नव्हता. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी.

मुलीला ते सगळ्यांच्या आधी कळलं. तिनं मांडीवरचा पेला उचलून हळूच आईपुढे धरला. "घे आई," ती कुजबुजली, "जागा आहे अजून."

आईनं पेल्यात पाहिलं. आत ओलसर, चावून झालेला, तपकिरी लगदा होता. दोन दिवसांचं उभं राहणं, एका पोराची सगळी सुट्टी. ती खुर्ची सरकवून उठली. खुर्चीची पिशवी सोडवली आणि टेबलाला वळसा घालून जावेच्या मांडीवर ठेवली. मग तोंडात तो घास तसाच धरून, कुणाकडे न बघता, ती दारातून बाहेर निघून गेली.