काचेच्या हंडीतला राजा

आबासाहेबांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या अकलेनं मिळवलेली वस्तू एकच, आणि तीही लिलावातली. मिलमधला विणकाम खात्याचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं. शहाण्या लोकांनी खुर्च्या उचलल्या, पलंग उचलले, कुणी शिलाईचं मशीन नेलं. आबासाहेब मिलच्या गोदामात कारकून. त्यांनी गर्दीत कोपरं मारत काचेची एक गोल हंडी पटकावली आणि टांग्यात मांडीवर घेऊन घरी आणली. हंडीत करंगळीच्या पेराएवढे दोन मासे होते. नराची शेपटी मोरपंखासारखी रंगीत, मादी मातकट आणि त्याच्या दुप्पट जाड.

त्यांची बायको गोजरबाई उंबऱ्यात आली, हंडीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "अवो, एवढ्यात कुणाचं प्वाट भरंल?"

आबासाहेब कीव केल्यासारखे हसले. हसायची ही तऱ्हा त्यांनी साहेबाकडून उचलली होती. काम उचलता आलं नव्हतं, इंग्रजी उचलता आली नव्हती, हसणं तेवढं जमलं.

नराचं नाव त्यांनी राजा ठेवलं. मादीला नाव ठेवलं नाही. बैठकीत देवाच्या फळीखाली हंडीला जागा मिळाली आणि आल्यागेल्याला तिच्यापुढे बसवणं सुरू झालं. "विलायती जात आहे. अंडी घालत नाही, थेट जिवंत पिलं देते. साहेबानं स्वतः सांगितलं," असं ते सांगत. साहेब आबासाहेबांशी जन्मात दोन शब्दांपलीकडे बोलला नव्हता आणि ते दोन्ही शब्द शिव्यांचे होते, हे अख्ख्या गोदामाला ठाऊक होतं.

मासे पाळणं म्हणजे आबासाहेबांच्या लेखी हंडी लखलखीत ठेवणं. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. सकाळी माठ उपसायचा, घागर घासायची, ताजं पाणी भरायचं. हीच रीत त्यांनी माशांना लावली. रोज सकाळी मासे ओगराळ्यानं तपेलीत काढायचे, हंडीतलं पाणी गटारात ओतायचं, काच राखेनं घासायची. काचेला जरा हिरवट झाक दिसली की यांचं कपाळ आठ्यांनी भरायचं. साहेबाच्या घरची पाणवेल हंडीत होती, तीही त्यांनी घाण म्हणून उपटून टाकली. मग जोंधळ्याचं पीठ चिमटीत घेऊन राजाला भरवत बसायचं. सोलापुरात मार्शल लॉ लागला, गांधी टोपी घातली म्हणून माणसं धरली जात होती, त्या दिवसांत या गृहस्थांनी कुणी सांगायच्या आधीच टोपी ट्रंकेच्या तळाशी घातली आणि दार लावून हंडी पुसत बसले. गावात काय चाललंय असं कुणी विचारलं तर म्हणत, "राजाला आवाज सोसत नाही."

हे सगळं परवडलं असतं. पण राजाला नळाचं पाणीही सोसत नाही असं त्यांनी ठरवलं. नळाला म्हणे लोखंडाचा वास येतो. पाणी पाहिजे मैदानापलीकडच्या आडाचं, आणि ते आणायचं गोजरबाईनं. कारकुनानं डोक्यावर घागर घेतली तर पेठेतली माणसं काय म्हणतील, हा त्यांना मोठा प्रश्न. बायको पोटुशी असताना रोज दोन घागरी आणते हे बघून पेठेतली माणसं काय म्हणतील, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या खेपेला सुईण बसम्मा मुद्दाम घरी येऊन आबासाहेबांना सांगून गेली, की हिला भार उचलू देऊ नका. त्यांनी मान डोलावली. त्या रात्री गोजरबाई भीत भीत म्हणाली, "पाणी आठ दिसांनी बदललं तर न्हाय का चालणार? तेवढं हे हुईस्तवर."

"शिळ्या पाण्यात ठेवायला राजा म्हणजे काय म्हैस आहे?" आबासाहेब म्हणाले आणि कूस बदलून घोरायला लागले. पाचव्या महिन्यात, ऐन वैशाखात, आडाच्या काठावरच तिच्या पोटात कळ आली. लोकांनी तिला धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी हंडीला पाणी कुठून आणायचं म्हणून आबासाहेब चिडचिड करत होते. मला हे लिहिताना आजही त्या माणसाची शिसारी येते.

त्यानंतर ते गोजरबाईला वांझ म्हणू लागले. आधी मनातल्या मनात, मग शेजाऱ्यांपाशी, मग तोंडावर.

हंडीतही पिलं दिसेनात. मादीचं पोट फुगायचं, मग एका सकाळी ते रिकामं दिसायचं आणि हंडीत पिल्लू एकही नाही. एकदा पहाटे दिवा लावताना गोजरबाईला पाण्यात जिऱ्याएवढं काहीतरी वळवळताना दिसलं. त्याला दोन काळे डोळेही होते. तिनं आबासाहेबांना उठवलं. ते येईपर्यंत राजा तिथून फिरून गेला होता आणि पाणी स्वच्छ होतं. "घाण असेल. तुला काय कळतंय," म्हणून त्यांनी हंडी नेहमीपेक्षा जोरात घासली.

दोष अर्थात मादीचा. राजा कसा चुकेल? मुंबईच्या गाडीवर त्यांच्या ओळखीचा एक गार्ड होता. त्याच्या हातापाया पडून त्यांनी बाटलीतून दुसरी मादी मागवली. तिचंही तेच झालं. मग तिसरी आणली, मग चौथी. जुनी झालेली मादी ते शेपटीला धरून मागच्या दारी नेत आणि शेळ्यांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत लांबूनच भिरकावत. "वांझोटी," एवढंच म्हणत आणि हात धुवायला जात. डोणीजवळ लेंड्या असतात, म्हणून तिथवर त्यांचं पाऊल कधी पडत नसे.

डोण गोजरबाईची. ती कुणी राखेनं घासत नव्हतं. पाणी कमी झालं की वरून एक बादली ओतायची, बस्स. आतून हिरवंगार शेवाळ लोंबत होतं. पहिली मादी टाकली त्याला थोडे दिवस झाले असतील, गोजरबाई शेळ्या पाजायला गेली तर शेवाळाच्या कडेनं जिऱ्याएवढे ठिपके पळताना दिसले. प्रत्येकाला दोन काळे डोळे. ती तिथंच उकिडवी बसून राहिली. सांगायला गेलं तर हा माणूस ओगराळं घेऊन धावेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती गप्प बसली. भाकरीचा चुरा तेवढा रोज टाकत राहिली. त्या डोणीपाशी बसलं की तिला बरं वाटायचं आणि रडूही यायचं.

पुढच्या माघात आबासाहेबांनी तिला जेवता जेवता सांगितलं, की मंगळवेढ्याकडचे हिंदुराव म्हणून एक बागायतदार आहेत, त्यांची मुलगी करून घ्यायचं ठरतंय. सवतीवर द्यायला ते तयार आहेत, कारण मिलची नोकरी आहे आणि वंशाचा प्रश्न आहे. "तू मागं शेळ्यांच्या पडवीत राहा. खाण्यापिण्याला कमी पडणार नाही."

गोजरबाईला माहेर उरलं नव्हतं. भाऊ होता अक्कलकोटाकडे, पण भावजय तिला आठ दिवस टिकू देणार नव्हती. ज्या घरात तिनं दोनदा पोटातलं गमावलं, तेच घर आता तिला मागच्या दारी काढत होतं. हातातला घास तिनं ताटात ठेवला आणि आमटी वाढायला उठली.

हिंदुराव जोंधळ्याची गाडी घेऊन सोलापूरच्या पेठेत आले होते, ते माल उतरवून तसेच घर बघायला आले. उंच, काळे, कमी बोलणारे. आबासाहेबांनी त्यांना सतरंजीवर बसवलं आणि चहा यायच्या आत हंडी दाखवली. राजाची शेपटी, विलायती जात, साहेबाची दोस्ती. हिंदुरावांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ह्याची पिलं कुटं हाईत?"

"मादी चांगली मिळत नाही हो," आबासाहेब म्हणाले आणि मग अर्थपूर्ण नजरेनं स्वयंपाकघराकडे बघून पुढं म्हणाले, "आमच्या घराला तो शापच आहे. बीज उत्तम आहे, पण जमीन नापीक."

हिंदुराव बैलांना पाणी दाखवून येतो म्हणून उठले आणि मागच्या दारी गेले. बैलानं डोणीत तोंड घातलं आणि ते वाकून बघतच राहिले.

"पावणं," त्यांनी हाक मारली, "हितं तर पिलंच पिलं हाईत की."

आबासाहेब कधी नव्हे ते लेंड्या तुडवत डोणीपाशी आले. शेवाळातून ठिपके पळत होते. लहान, मोठे, काहींच्या शेपटीवर रंगही उतरू लागला होता. मध्ये तिन्ही माद्या संथ फिरत होत्या.

"ही कुणाची?" हिंदुरावांनी विचारलं.

गोजरबाई चहा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "वांझ म्हणून टाकलेल्या ह्या माद्यांची. हंडीतनं येतानाच पोटात घिऊन आल्या व्हत्या."

दुसरा कुणी असता तर लाजला असता. आबासाहेबांच्या चेहऱ्यावर उलट उजेड पडला. "म्हणजे राजाचीच," ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो, बीज उत्तम आहे?" ते आत पळाले, ओगराळं आणलं, गोजरबाई "नका, नका" म्हणत असताना बारीक बारीक पिलं वेचून भरली आणि पाहुण्यांना हाताला धरून पुन्हा हंडीपुढे नेलं. "बघा आता, बाप आणि लेकरं एका ठिकाणी." आणि त्यांनी ओगराळं हंडीत पालथं केलं.

घासूनपुसून लखलखीत केलेली काच. आत ना शेवाळ, ना आडोसा. सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. राजानं एकदा वळून बघितलं आणि पहिलं पिल्लू गिळलं. मग दुसरं. नवी मादीही मागून आली. पिलं काचेला धडका देत होती, लपायला जागा नव्हती. आबासाहेब काचेवर बोटं आपटत "अरे, अरे" करत राहिले. हंडीतलं पाणी पुन्हा स्वच्छ झालं तेव्हा राजाचं पोट टम्म फुगलं होतं.

हिंदुरावांनी हंडीत वाकून बघितलं. मग त्यांनी मान वळवली आणि दारातल्या गोजरबाईला विचारलं, "बाई, तुमची किती गेली?"

"दोन," ती म्हणाली. "ह्याला आडाचं पाणी वाहताना."

त्यांनी चहा घेतला नाही. पटका डोक्याला गुंडाळला, बैल गाडीला जुंपले. आबासाहेब मागं धावत बोलणी कधी पुढं न्यायची म्हणून विचारत होते. हिंदुराव गाडीवर बसता बसता म्हणाले, "माज्या घरात म्हस गाभण असली तर तिच्यावर वझं लादत न्हाईत, पावणं. पोरगी कशी दिऊ?"

त्या संध्याकाळी आबासाहेबांनी पाहुण्यांच्या अडाणीपणाला भरपूर नावं ठेवली. जेवले पोटभर, झोपले गाढ. सकाळी उठून त्यांनी राजाला तपेलीत काढलं, हंडी गटारात उपडी केली, राखेनं घासली आणि नेहमीसारखी हाक मारली, "पाणी आणलंस का?"

गोजरबाई डोणीपाशी बसून भाकरीचा चुरा टाकत होती. उरलेली पिलं शेवाळातून वर येत होती. तिनं मान वर केली नाही.

"आड हाय तिथंच हाय," ती म्हणाली. "घागर कोपऱ्यात हाय. जावा, आणा की."