एका वाचकासाठी चौसष्ट घरं

माझ्या बाबांनी बुद्धिबळाच्या कोड्यांचं एक पुस्तक लिहिलं, आणि ते फक्त एका माणसासाठी लिहिलं. इतरांनी वाचलं तर त्यांची ना नाही, पण इतरांची वाटही ते पाहत नाहीत. तो एक माणूस म्हणजे इब्रामपूरचे काका. माझं त्यांच्याशी रक्ताचं नातं नाही. ते एके काळी खनिजाचा ट्रक चालवायचे, आणि तीस वर्षं त्यांनी बाबांना बुद्धिबळात हरवलं.

बाबा डिचोली तालुक्यात शाळामास्तर होते. शाळेसमोरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि फाटकाजवळ चहाचा गाडा असायचा. गाड्याच्या फळीवर या दोघांचा पट मांडलेला असे, वर फडकं झाकून. काका खेपेवर जाताना थांबत, फडकं उचलून एक चाल करत आणि निघून जात. मधल्या सुट्टीत बाबा जाऊन तिला उत्तर देत. एकेक डाव पंधरवडा चाले. चहावाला रोज सोंगट्या पुसून पुन्हा आपापल्या घरात ठेवायचा, तरी पांढऱ्या सोंगट्या कायमच्या तांबूस झाल्या त्या झाल्याच. एवढ्या वर्षांत बाबा एकदाही जिंकले नाहीत. काही डाव बरोबरीत सुटले. त्या दिवशी आमच्या घरी शिरा व्हायचा आणि आईला वाटायचं, बाबांना बढती मिळाली.

पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला, गाडा उठला. बाबा निवृत्त झाले. काका शेती करायला इब्रामपूरला गेले आणि तिथे त्यांचे डोळे बिघडले. मधली नजर हळूहळू जाते आणि कडेचं तेवढं दिसत राहतं, असा तो आजार. सुनेने त्यांना एक टॅब आणून दिला, त्यावर अक्षरं बोट-बोटभर मोठी केली की ते वाचू शकत. छापील पुस्तक मात्र त्यांच्यासाठी संपलं.

बाबांच्या वहीत एकसष्ट कोडी होती. पहिली साठ म्हणजे नुसता मांडव. खरं लग्न एकसष्टाव्याचं. ते त्यांनी चार वर्षं खपून रचलं होतं. पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात, आणि काकांना ते सुटता कामा नये, एवढीच त्यांची आयुष्याकडून मागणी उरली होती. पण त्यांची एक अट होती, आणि ती त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावली.

"हे बघ बाय, पट त्याला समका, अगदी नीट दिसायला हवा. डोळ्यांमुळे अडला तर ते माझं जिंकणं नव्हे."

डिचोलीच्या बाजारात माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, आणि हल्ली काही वर्षं ई-बुकंसुद्धा. मी म्हटलं, आठ दिवसांत करून देते. त्या वाक्याची आठवण बाबा मला अजून जेवताना करून देतात.

ई-बुकाचा सगळा गुण असा की त्यातला मजकूर मिळेल तिथे वाहतो. अक्षरं मोठी करा, ओळ तुटून खाली जाते, पानं वाढतात, कुणाचं काही बिघडत नाही. आणि बुद्धिबळाचा पट म्हणजे असली गोष्ट, की तिच्यात एकही वस्तू जागची हलली तर सगळंच बिघडतं. हे मला पहिल्या दिवशी सुचलं नाही, कारण मला बुद्धिबळ येत नव्हतं आणि माझ्या नाकावर राग असतो, तिथे विचाराला जागा नसते.

मी सोंगट्यांचा एक खास फाँट मिळवला. त्यात प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक सोंगटी उमटते. माझ्या संगणकावर पट इतका देखणा दिसला की मी खुर्चीत एक गिरकी घेतली. बाबांच्या फोनने तो फाँट नाकारला आणि सोंगट्यांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं दाखवली, आठ ओळी, एकीत अर्थ नाही. बाबा म्हणाले, या गाड्यांच्या नंबरप्लेटी कुणाच्या? मग मी प्रत्येक फोनला मुळातच ठाऊक असतात ती सोंगट्यांची चिन्हं वापरली. तेव्हा राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे सगळे नीट आले, पण कित्येक फोनवर काळी प्यादी चॅटिंगमधल्या गुबगुबीत चकचकीत चित्रांसारखी उमटली. आपल्याच राजापेक्षा थोराड. बाबांनी ते पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. ही काय प्यादी आहेत की बालवाडीतली पोरं, असं म्हणून ते अंगणात निघून गेले.

तिथून मला वेड लागलं. दुकानात येईल त्याचा फोन मी मागून घेऊ लागले. सकाळी सायकलवरून येणाऱ्या पोदेराकडून पाव घ्यायचे आणि फोनही घ्यायचा. त्याच्या तडा गेलेल्या काचेवर पट कसा दिसतो ते पाहून परत द्यायचा. वाळपईच्या बसच्या कंडक्टरने तर स्वतःहून विचारायला सुरुवात केली, आज घोडा कुठे आहे म्हणून. मी चौकटी मोजत रस्त्याने चालायचे. फरशी दिसली की आठ बाय आठ आहे का ते बघायचे. एका लग्नपत्रिकेच्या तळाशी, वधूवरांच्या नावांखाली, मी तंद्रीत 'पांढऱ्याची चाल, मात दोन चालींत' हे चिकटवून ठेवलं. नशिबाने प्रूफ तपासायला वधूपिता आले होते. त्यांनी चष्मा सावरून ते दोनदा वाचलं आणि शांतपणे विचारलं की मात नेमकी कुणावर आहे. मी एवढी हसले की शेवटी तेही हसले, आणि माझी ऑर्डर वाचली.

गुबगुबीत प्याद्यांना मी एका युक्तीने वठणीवर आणलं आणि पहिली सात कोडी इब्रामपूरला पाठवून दिली. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज खूश होता.

"तुज्या बापाशीन नवीनच खेळ काढल्यान गो. सात घरांचो पट, नि आठव्या घरातले सगळे भायर बसवून ठेवलेले. सातांतली चार सुटली माका."

मला काही कळेना. मग मी माझ्या फोनवर अक्षरं त्यांच्याइतकी मोठी केली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ओळीत सातच घरं मावत होती. आठवं घर तुटून खालच्या ओळीत एकटं जाऊन पडत होतं, प्रत्येक ओळीचं. दुसऱ्या कुणी पुस्तक फेकून दिलं असतं. काकांनी त्या मोडक्या पटाचे नियम स्वतः बनवले होते. एकटी पडलेली घरं म्हणजे बाकावर बसलेले राखीव गडी, त्यांनी डावात यायचं नाही. आणि त्या नियमांनी चार कोडी सोडवली होती. बाबांनी त्यांची उत्तरं लाकडी पटावर, एक उभी रांग कागदाने झाकून, तपासली. चारही बरोबर. बाबा आरामखुर्चीत मागे रेलले आणि छताकडे बघत राहिले. मोडका पट सोडवणाऱ्याला चांगला पट कसा अडवणार, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी हात टेकणार नव्हते. मी पटाचा तक्ता केला, तर टॅबने तो मधोमध कापला, चार रांगा या पानावर आणि चार पुढच्या. काकांनी वरची चार पाठ केली, पान उलटलं, खालची पाहिली आणि हरकत नाही म्हणाले, डोक्याला व्यायाम. मला त्यांचा राग आला. गैरसोय झाली तर माणसाने तक्रार करावी की नाही? मग मी रेषांची चित्रं काढली, कितीही ताणली तरी न फाटणारी आणि पानाच्या रुंदीएवढी पसरणारी. ती पाठवली आणि काकांनी पहिल्यांदा तक्रार केली. पांढऱ्याची चाल म्हणून लिहिलंय, पण पांढऱ्याला आधीच मात बसलीय, त्यांनी सांगितलं, मास्तर म्हातारे झाले. हे ऐकून बाबा जेवले नाहीत.

प्रकार असा की उजेड खुपतो म्हणून काका काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं करून वाचतात. माझ्या चित्रांना स्वतःची पार्श्वभूमी नव्हती. काळ्या पडद्यावर ती गेली आणि रंग उलटले, पांढऱ्या सोंगट्या काळ्या आणि काळ्या पांढऱ्या. सबंध पुस्तकभर बाबा आपल्याच विरुद्ध खेळत होते.

ते सुधारलं त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. प्रत्येक पटाला स्वतःचा पांढरा कागद दिला, पांढऱ्या सोंगटीच्या पोटात पांढरा रंग भरला, भोवती जाड काळी रेघ. पडद्याचा रंग काहीही करा, पट तसाच. प्रत्येक पट अख्खा, एका पानावर, कडांना आकडे आणि अक्षरं. कंडक्टर, पोदेर, दोन वधूपिते, सगळ्यांच्या फोनवर मी तो पाहिला, मोठा करून, लहान करून, आडवा आणि उभा. एकही सोंगटी हलली नाही. मग एकसष्टच्या एकसष्ट कोडी मी एकदम पाठवली आणि बाबांना म्हटलं, आता तुमचं तुम्ही बघा.

काकांनी साठ कोडी दहा दिवसांत फस्त केली. रोज संध्याकाळी फोन यायचा, आज सहा झाली, आज सात. मग एकसष्टावं आलं आणि फोन बंद झाले.

एक दिवस गेला, तीन गेले. आधी बाबा घरभर गुणगुणत फिरत होते. चौथ्या दिवशी त्यांचा सूर उतरला. मला पुन्हा चित्र तपासायला लावलं. मी तपासलं. अक्षरं आणखी मोठी केली तर काय होतं ते पाहायला लावलं. काही होत नव्हतं. आठव्या दिवशी दुपारी फोन वाजला आणि काकांनी एका वाक्यात सांगितलं की त्यांना सुटत नाही, मास्तर जिंकले.

तीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं आणि बाबा खूश झाले नाहीत. त्यांनी मला स्कूटर काढायला सांगितली. त्याला दिसलं नसणार, एवढंच ते सारखं म्हणत होते. दोडामार्गच्या रस्त्याने इब्रामपूरला पोचेपर्यंत त्यांनी लाकडी पट पोटाशी धरून ठेवला होता आणि प्रत्येक खड्ड्याला डब्यातल्या सोंगट्या खडखडत होत्या.

काका ओटीवर बसले होते, टॅब मांडीवर. बाबांनी नमस्कारसुद्धा केला नाही. चित्रात चूक असणार, माझ्या मुलीला बुद्धिबळ येत नाही, मी आता पट मांडतो, तू हात लावून बघ आणि मग सांग, असं ते एका दमात बोलून गेले. चित्रात चूक नाही हे मला चांगलं ठाऊक होतं आणि माझ्या रागाचा पारा चढला, पण मी बोलायच्या आत काकांनी हात वर केला.

त्यांनी मान तिरकी केली, टॅब डोळ्याच्या कडेला आणला आणि वाचायला लागले. काळो राजा ई पाच. काळी प्यादी डी सहा नि एफ सात. पांढरो वजीर जी दोन. घोडो बी चार. एकेक सोंगटी सावकाश, एकदाही न चुकता, अकराच्या अकरा. मग टॅब खाली ठेवला.

"मास्तर, डोळ्यांक बोल लावू नकात. पट माका समको दिसता. मी आठ दीस बघलंय नि मी हरलंय. ती माझी हार माझ्याकडसून काढून घेव नकात."

बाबांनी पोटाशी धरलेला लाकडी पट खाली ठेवला. खरं सांगते, मला अभिमान वाटला. माझं चित्र इतकं नीट होतं की त्यात एक माणूस स्वतःच्या अकलेने हरू शकत होता.

मग बाबा ओटीवर टेकले, सोंगट्या मांडल्या आणि कोड्याची पहिली चाल म्हणून पांढरा वजीर उचलून काळ्या राजापासून दूर, पार लांबच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. काकांनी तिरक्या मानेने तो वजीर पाहिला आणि पुढच्या दोन चाली पटावर बोटाने चालवून बघितल्या. त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले की सून आतून बाहेर आली. बाबांनी त्यांचा दंड धरला आणि विचारलं, मघाशी काय म्हणालास ते परत सांग.

"हरलंय," काका म्हणाले.

बाबांनी ते त्यांना तीनदा म्हणायला लावलं, आणि काकांनी तिन्ही वेळा म्हटलं.