गंधारची घागर

डोणगावात आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतं ते मला वासावरून कळतं, आणि काय शिजत नाही ते आमच्या मंडळीकडून. म्हणून शेजारच्या पद्मजावहिनींबद्दल लिहायचा हक्क माझाच.

त्यांचे यजमान वैजनाथ मास्तर तरुणपणी कोकणातल्या एका लहानशा बंदरगावी नोकरीला गेले आणि येताना तिथल्या बंदरावरच्या कारकुनाची मुलगी करून आले. गल्लीला वाटलं, चार वर्षांत पोरगी वऱ्हाडी होईल. कशाची होते! चैत्रात कूलर लागला की वहिनींच्या तोंडी धक्का सुरू. धक्का म्हणजे बोटी लागायची दगडी जागा, हे आता गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सुट्टीत वहिनी आणि त्यांचा दादा गंधार तिथं पाय सोडून बसायचे. मुंबईची लाँच भोंगा द्यायची, पाहुणे उतरायचे, आंब्याच्या पेट्या चढायच्या. पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढून त्यांना तेल चोपडत, तो वास म्हणे केसांतून जायचा नाही. दादा वहिनींच्या चपला हातात घालून टाळ्या पिटायचा आणि लाँचमधली माणसं हसायची.

"वहिनी, चाला, धरणावर नेतो. पाणीच पाह्यचं ना तुमाले?" मी म्हणायचो.

"त्याला भरती येते का, भाऊजी?"

"भरतीचं नाही सांगत. दारं उघडले की ओहोटी मात्र पक्की."

हसायच्या. ते हसू कुठं थांबतं, तेही गल्लीला ठाऊक. वैशाखातल्या एका सकाळी चौदा वर्षांचा गंधार आंबे नेणाऱ्या शिडाच्या मचव्यात हौसेनं बसला, पलीकडच्या बंदरापर्यंत जाऊन येतो म्हणून. दुपारी वादळ झालं. खलाशांची प्रेतं किनाऱ्याला लागली. गंधार लागला नाही, ना जिवंत ना मेलेला. त्यांच्या आईनं शेवटपर्यंत क्रियाकर्म करू दिलं नाही. ती गेली आणि वाट पाहणं वहिनींच्या वाट्याला आलं. "मला एक भाऊ आहे," असंच त्या सांगायच्या. मग राखीला का येत नाही, असं एखादीनं विचारलं की उठून आत जायच्या.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावानं मातीची घागर भरतात. नाही भरली तर ते तहानलेले राहतात. यंदा मास्तरांच्या आई, कलाबाई, यांनी कुंभाराकडून एक घागर जास्तीची आणली. मी सकाळी खरबूज द्यायला गेलो, तर ती इतर घागरींपासून बाजूला ठेवलेली.

"हे कोणाची, माय?"

"हिच्या भावाची."

वहिनींचं लाटणं थांबलं. "आई, नको."

"पोरी, पुढल्या आखाजीले मी राहीन का नाही, मालूम नाही. माझ्यामागं त्याले कोण इचारीन?"

कोणी गंभीर झालं की माझी जीभ खाजते. "माय, दर्यात गेलेल्या माणसाले पाण्याची काय कमी हाये?"

"ते खारं असते बे," कलाबाई म्हणाल्या. "पेता येते का?"

मग वहिनी पिठाच्या हातांनीच उठल्या. पिण्याच्या पिंपातून तांब्या भरून घागरीत ओतू लागल्या. घागर कोरी, पाणी पिऊन घेत होती. भरली म्हणावी तर पातळी खाली गेलेली. त्या पुन्हा ओतायच्या. बाहेरून ओल फुटली तेव्हा कुठं थांबल्या.

"नाव घे," कलाबाई म्हणाल्या.

"दादा."

"नाव घे, पोरी."

"गंधार."

घागरीच्या तोंडावर आंबा ठेवताना वहिनींनी विचारलं, "आई, पुढच्या वर्षीही भरायची?"

"हाव. एकदा भरली की दरसाल भरा लागते."

वहिनींनी मान हलवली आणि पुरी लाटायला बसल्या.

मे सरत आला तरी त्यांनी धक्क्याचं नाव काढलं नाही. मी खोडी काढून पाहिली. "लहानपणीचं काय धरून बसायचं, भाऊजी," म्हणाल्या आणि कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेल्या.