बड्या दिनाच्या जोड्या

शर्मिष्ठा बोरकरबाईंबद्दल लिहिण्याइतकं मला त्यांच्याविषयी माहीत नाही. अकरा वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती, पण त्यांचं माहेर कुठलं, त्या चहा गोड घेत की फिका, हेही मला नीट सांगता येणार नाही. मी मुळात कमी बोलणारा, आणि लिहिणं म्हणजे ऑफिसची टिपणी, एवढंच. दोनच गोष्टी नक्की ठाऊक आहेत. एक, बड्या दिनाच्या, म्हणजे नाताळच्या, इंग्रजी प्रेमपटांमधल्या जोड्यांवर त्यांचा फार जीव होता. दुसरी गोष्ट माझ्या लोखंडी पेटीत आहे.

दोन हजार साली छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं. बाहेर फटाके फुटत होते, आमच्या ऑफिसात वाटणी चालली होती. फायली, कपाटं, जीपगाड्या आणि माणसं. कोण मध्य प्रदेशात राहणार आणि कोण छत्तीसगडात येणार, याच्या याद्या भोपाळला बनत होत्या. बाईंचे यजमान नरहरराव आमच्याच खात्यात, पण भोपाळच्या ऑफिसात होते. नवरा-बायकोला एका राज्यात ठेवावं, असा अर्ज बाईंनी लिहिला आणि माझ्या हातात दिला. इथले कागद गोळा करून पाठवायचं काम माझ्याकडे होतं.

अर्जावर साहेबांची सही लागत होती. तो शुक्रवार होता. साहेब आत कुणावर तरी ओरडत होते. मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. कुणी रागात असलं की माझे पाय पुढे जात नाहीत, हे लहानपणापासूनचं आहे. सोमवारी सही घेऊ म्हणून अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. शनिवारी सकाळीच भोपाळला गाडी निघाली आणि शिपाई टेबलावरचा गठ्ठा उचलून घेऊन गेला. अर्ज ड्रॉवरमध्येच राहिला. पुढच्या गठ्ठ्यात जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. पुढचा गठ्ठा गेलाच नाही.

यादी आली तेव्हा नरहरराव मध्य प्रदेशात होते. बाईंनी विचारलं, "आपण अर्ज पाठवला होता न जी, बाबारावजी?"

मी होकाराची मान हलवली. ती मान कशी हलली होती, हे मला आजही आठवतं.

मग त्यांनी आणखी अर्ज केले, पण एकदा यादीत बसलेलं नाव कोण हलवतो. नरहरराव महिन्यातून एकदा शनिवारी यायचे आणि रविवारी संध्याकाळची गाडी धरायचे. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात ते भोपाळच्या भाड्याच्या खोलीत गेले. झोपेतच. दोन दिवसांनी दार तोडलं तेव्हा कळलं.

त्यांचं सामान घेऊन बाई परत आल्या. त्यात एक सीडी होती, भोपाळच्या कुठल्या तरी दुकानातून भाड्याने आणलेली आणि परत न केलेली. कव्हरवर बर्फ, लाल स्वेटर घातलेली मुलगी, हसणारा मुलगा. बाईंना मोठं नवल वाटलं. घरी बातम्यांशिवाय काही न पाहणारा माणूस एकटा बसून हे पाहत होता. त्यात नरहररावांना काय दिसत होतं, हे शोधायचं म्हणून बाई तसल्या सीड्या पंडरी बाजारातल्या एका दुकानातून आणू लागल्या. हिंदीत केलेल्या असायच्या.

जेवणाच्या सुट्टीत त्या जोड्या सांगायच्या. नावं लक्षात राहत नसत म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. बेकरीवाली आणि वकील. लाकूडतोड्या आणि डॉक्टरीण. कुणाची जोडी पहिला नंबर, यावर त्या सगळ्यांचं मत घ्यायच्या. कौमुदी नावाची नवीन मुलगी होती, मराठी घरची पण उत्तर हिंदीत द्यायची. ती म्हणायची, "दीदी, सब एक जैसी हैं. लड़की शहर से गाँव आती है, और लड़का लकड़ी काटता रहता है."

"तूच मंग एखादा लाकूड तोडणारा पोट्टा पाहून ठेव," बाई म्हणायच्या. सगळे हसायचे. मीही हसायचो. माझं मत त्यांनी विचारलं की मी डब्यात पाहायचो.

मला त्या गोष्टींची भीती वाटू लागली होती. कारण प्रत्येकीत कुठेतरी एक चुकलेलं पाकीट असायचं, एक न पोचलेला निरोप असायचा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत कुणीतरी धावत जाऊन तो पोचवायचं. घरी डोळे मिटले की बर्फातून कुणीतरी धावत असल्याचा आवाज यायचा. मी कधीच बर्फ पाहिलेला नाही.

दोन हजार सहाच्या बड्या दिनाला सुट्टी होती. आज सांगून टाकायचं, असं ठरवून मी अर्ज खिशात घातला आणि सकाळी पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेलो. टीव्ही चालू होता. बाईंनी मला खुर्ची दिली, वाटीत तांदळाच्या पिठाचा गरम फरा दिला आणि म्हणाल्या, "बसा, संपूनच राहिलं."

पोस्टातल्या एका बाबूची गोष्ट होती. त्याच्या हातून नायिकेचं पत्र कपाटामागे पडतं, बड्या दिनाच्या आदल्या दिवशी सापडतं आणि तो धावत स्टेशन गाठतो. जोडी भेटते. बाबू दूर खांबाशी उभा राहतो, त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

बाईंनी टीव्ही बंद केला. "जोडी ठीक आहे. पण मले हा बाबूच आवडते. बिचारा किती पळते."

मी विचारलं, "आणि उशीर झाला असता तर?"

"मंग ते फिल्म कोण बनवते जी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. माझा हात खिशावर होता. कागदाची घडी बोटांना लागत होती. एवढंच म्हणायचं होतं: ताई, तो अर्ज गेलाच नव्हता. मी तोंड उघडलं आणि फरा चांगला झालाय म्हणालो.

त्यांना ठाऊक होतं का, ते मला कळलेलं नाही. जानेवारीच्या चार तारखेला त्या गेल्या. दोन दिवस ताप होता, असं कौमुदीने सांगितलं. बड्या दिनानंतर मी रजेवर होतो, त्यामुळे ती भेट शेवटची ठरली. अर्ज अजून पेटीत आहे. त्यांचं अक्षर गोल, स्वच्छ, आणि साहेबांच्या सहीची जागा कोरी.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि ती नुकतीच पाहिलेली सीडी माझ्या हातात ठेवली.

"पंडरीवरून जाता न तुम्ही? दुकानात देऊन द्या."

"हव, देतो."

"आजच द्या जी. ठेवून नका देऊ."